गेलेली टिंबे, आलेले नियम

मराठी कशी लिहावी याचे नियम संगणक आल्यापासून सारखे बदलू लागले, असा आमच्या कचेरीतल्या तरुण सहकाऱ्यांचा ठाम समज आहे. मी एका मराठी संकेतस्थळाचा मजकूर तपासते. त्याआधी छापखान्यात आणि प्रकाशकांकडे प्रुफे वाचण्यात उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे 'सध्या कोणता नियम चालू आहे?' हा प्रश्न फिरून माझ्याच टेबलावर येतो. 'ॲप'मधला ॲ कोणता घ्यायचा, बटणावर 'पहा' लिहायचे की 'पाहा', 'विद्यार्थी' जोडून की द चा पाय मोडून. उत्तर दिले की मुले विचारतात, "पण ताई, मागच्या वर्षी तर वेगळं होतं!" होते. त्याच्या आधी आणखी वेगळे होते. हा वैताग दोनशे वर्षे जुना आहे आणि दर खेपेला तो लिहिण्याच्या नव्या साधनाबरोबर घरात शिरला आहे. नियम करणारी मंडळी व्याकरणाच्या नावाने भांडली, पण भांडणाचा मुहूर्त बहुतेक वेळा यंत्राने काढला.

पेशवाईतल्या कारकुनाला ऱ्हस्व-दीर्घाची धास्ती नव्हती. रोजचा व्यवहार मोडीत चाले. हात न उचलता भराभर लिहायच्या त्या लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळण्याची रीतच नव्हती. वाचणारा संदर्भ पाहून वाचत असे आणि त्या भेदावाचून वसुली अडत नव्हती की लढाई. पोथ्या मात्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत. एका भाषेच्या दोन लिप्या, दोन शिस्ती. कोणती शिस्त मराठीची खरी, हे ठरवायची गरज कोणाला पडली नाही, कारण हाताने लिहिलेला प्रत्येक कागद एकटा असतो. एकाच मजकुराच्या हजार प्रती निघू लागल्या तेव्हा ती गरज पडली.

छपाई आपल्या किनाऱ्यावर फार लवकर आली. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना आला आणि फादर थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापले गेले. भाषा मराठी, अक्षरे रोमन. देवनागरी आणि मोडीतली मराठी छपाई उभी राहिली ती थेट बंगालमध्ये, श्रीरामपूरला. तिथे विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण छापले ते देवनागरीत, आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला तो मोडी खिळ्यांत. पंडित वैजनाथ त्याच्या मदतीला होते. एकाच माणसाने पाच वर्षांत दोन लिप्या वापरल्या, कारण मराठी माणूस कोणत्या लिपीत वाचतो, याचे एकच एक उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हते.

ते उत्तर मुंबई सरकारच्या शाळाखात्याने दिले. शाळेची पुस्तके देवनागरीत निघाली आणि छापील मराठी म्हणजे बाळबोध, हे पक्के झाले. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. मधल्या काळात, १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' सुरू झाले आणि १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण निघाले. मोल्सवर्थचा सहकारी मेजर थॉमस कँडी पुढे सरकारी मराठी पुस्तकांवर देखरेख करू लागला. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी इंग्रजी मंडळी मराठीत रुळवण्याचे श्रेय त्यालाच देतात. आजही हिंदी वाक्य उभ्या दंडाने संपते आणि मराठी वाक्य टिंबाने, यामागे त्या काळातल्या शालेय पुस्तकांचे वळण आहे. कँडीवर त्या वेळी टीका भरपूर झाली. परक्याने आमच्या भाषेला वळण का लावावे, हा सवाल रास्तच होता. तरी शाळेला एकच रूप हवे असते, कारण परीक्षेत गुण कापायचे असतात. मराठीत शुद्ध-अशुद्धाचा धाक पसरला तो परीक्षा तपासणाऱ्यांच्या लाल शाईतून.

त्या धाकाचे मुख्य हत्यार म्हणजे अनुस्वार. आज तिशीत असलेल्या वाचकाला जुने पुस्तक उघडल्यावर पहिल्यांदा दिसते ते टिंबांचे पीक. नांव, गांव, पांच, कांहीं, नाहीं. मीं गेलों, तूं आलास. त्यानें घर बांधलें. घरांत कोणी नव्हतें. ही टिंबे हौसेने दिलेली नव्हती. 'नाम'पासून 'नांव', 'ग्राम'पासून 'गांव', 'पंच'पासून 'पांच' झाले. मूळ शब्दातल्या अनुनासिकाची खूण म्हणून ते टिंब. नपुंसकलिंगाचे 'तें', तृतीयेचे 'त्यानें', सप्तमीचे 'घरांत' यांच्या डोक्यावरचे टिंब व्याकरणाचे काम करी. कोकणातल्या काही बोलींत हे नाकातले उच्चार अजून ऐकू येतात. पण पुण्या-नागपुरात बोलताना ते केव्हाच विरले होते. म्हणजे उच्चारात नाही ते लिहायचे, आणि कुठे लिहायचे हे कळण्यासाठी व्युत्पत्ती किंवा विभक्ती पाठ पाहिजे. ज्याच्या घरात संस्कृत होते त्याला हे सोपे गेले. बाकीच्यांनी ओरडा खाल्ला.

टिंबाचे ओझे छापखान्यालाही जाणवत होते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी आणि नंतर जावजी दादाजींच्या निर्णयसागराने देवनागरी खिळ्यांना जो देखणेपणा दिला, तो आजही कुठल्या जुन्या पंचांगात किंवा संस्कृत ग्रंथात पाहिला की हात थबकतो. पण देवनागरीच्या केसमध्ये शेकड्यांनी खिळे लागतात. इंग्रजी जुळाऱ्याचे काम दोन केसांत भागे. आमचा जुळारी खिळ्यांच्या घरांपुढे डावी-उजवीकडे सरकत उभा असे. शिरोरेघेच्या वरचा भाग नाजूक. रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार छापता छापता झिजत, तुटत. मी कामाला लागले तेव्हा खिळ्यांचे छापखाने अखेरच्या घटका मोजत होते. मला काम शिकवणारे वृद्ध मुद्रितशोधक म्हणत, की प्रुफात टिंब नसेल तर आधी विचार कर, लेखकाने दिले नाही, जुळाऱ्याने लावले नाही की यंत्राने खाल्ले? तीन जणांपैकी कोणाचा गुन्हा, हे ठरल्याशिवाय खूण करायची नाही.

म्हणून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर साने, गोडबोले आणि हातवळणे या तिघांनी उच्चारात नसलेली टिंबे गाळावीत अशी सूचना केली, तेव्हा वाद पेटला. टिळकांनीही 'केसरी'तून त्यात भाग घेतला. एका बाजूचे म्हणणे, लेखन उच्चाराप्रमाणे असावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, उच्चार गावोगावी बदलतो, मग लेखन कोणाच्या उच्चाराप्रमाणे? दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, त्यामुळे निकाल लागायला साठेक वर्षे गेली. तोवर जुने आणि नवे लेखक शेजारी शेजारी छापले जात होते. एकाच मासिकाच्या एकाच अंकात एका पानावर टिंबे आणि पुढच्या पानावर टिंबे नाहीत, असे अंक मी स्वतः हाताळले आहेत.

मध्येच लिपी सुधारण्याची लाट आली. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली. 'इ'च्या जागी 'अि', 'उ'च्या जागी 'अु', 'ए'च्या जागी 'अे'. स्वरांचे वेगळे खिळे वाचतील, यंत्रावर देवनागरी सुटसुटीत बसेल, हा त्यामागचा विचार. किर्लोस्करवाडीच्या 'किर्लोस्कर' मासिकाने ही पद्धत उचलली आणि वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुस्तकांतही ती दिसते. जुन्या अंकात 'अितिहास' किंवा 'अेक' वाचताना आधी ठेच लागते, चार पानांनंतर डोळा सरावतो. १९५३ मध्ये लखनौला भरलेल्या परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उजवीकडे नेण्याचे ठरवले. शाळेतल्या मुलांची आणि मास्तरांची त्रेधा उडाली आणि काही वर्षांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या परिषदेतून आपल्याकडची 'अ' आणि 'झ' यांची वळणे हिंदी मुलखात गेली, आणि तिकडची 'ल' व 'श' यांची वळणे पुढे आपल्या पाठ्यपुस्तकांत आली. या 'ल' आणि 'श'ची गोष्ट पुढे पुन्हा निघणार आहे.

संयुक्त महाराष्ट्र झाला आणि राज्याला एका लेखनाची निकड भासली. १९६१ मध्ये पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ, मराठवाडा साहित्य परिषद आणि मुंबई मराठी साहित्य संघ यांनी मिळून मराठी साहित्य महामंडळ स्थापन केले. १९६२ मध्ये महामंडळाचे चौदा नियम आले, १९७२ मध्ये आणखी चार. शासनाने ते मानले, शाळांत शिरले आणि त्या अठरा नियमांवरच आपण आजही लिहितो. पहिल्याच घावात टिंबे गेली. स्पष्ट ऐकू येते तिथे अनुस्वार, अनेकवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार, एरवी नाही. म्हणजे 'घरात' म्हटले की एक घर आणि 'घरांत' म्हटले की अनेक. तत्सम शब्दांच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ झाला: कवी, गुरू, बुद्धी. समासात मात्र 'कविराज', 'गुरुदक्षिणा'. 'फूल' दीर्घ पण 'फुलाला' ऱ्हस्व. गावांच्या नावांतले 'पूर' सगळे दीर्घ.

ज्यांनी आयुष्यभर 'नांव' लिहिले, त्यांच्या पिढीने हा बदल कसा सोसला असेल, हे मला पत्रांतून कळले. माझ्या आजीची पत्रे शेवटपर्यंत टिंबांची होती. वडील मास्तर, त्यांनी नवे नियम शिकवले आणि घरच्या हिशेबाच्या वहीत जुनेच लिहिले. कायद्याने माणसाचा हात बदलत नाही, पुढच्या पिढीचा बदलतो. या पुढच्या पिढीला मो. रा. वाळंब्यांच्या पुस्तकांनी हात धरून चालवले. नंतर अरुण फडके आणि यास्मिन शेख यांचे लेखनकोश आले आणि माझ्यासारख्यांचे टेबल त्यांच्यावाचून अडू लागले. नियम वाचून जे कळत नाही, ते कोशात शब्द उघडून एका नजरेत कळते. फडक्यांची तर खिशात मावेल अशी पुस्तिका होती, आणि ती खिशात बाळगणारे उपसंपादक मी पाहिले आहेत.

मग छपाई संगणकावर गेली आणि नियमांच्या आधी फॉन्टचा प्रश्न उभा राहिला. पुणे हे या कामाचे मोठे केंद्र होते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठीचे तंत्र इथे वाढवले, आणि १९९१ मध्ये 'इस्की' नावाचे भारतीय प्रमाण ठरले. पण बाजारात प्रत्येक कंपनीचे फॉन्ट निराळे आणि त्यांच्यामागची आकड्यांची मांडणीही निराळी. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की पडद्यावर कोणत्याच भाषेचे नसलेले काहीतरी उमटे. पहिली मराठी संकेतस्थळे याच गोंधळात जन्मली. वाचकाला सांगावे लागे, की आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या, मग बातमी वाचा. त्या काळात नियम शिकून उपयोग नव्हता. फॉन्टमध्ये 'ङ' नसला की 'वाङ्मय' लिहिता येत नसे. मग 'वाड्मय' छापले जाई आणि वाचणारा तेच खरे मानून चाले. आजही लोक 'वाड्मय' लिहितात ते अज्ञानाने नाही, त्या फॉन्टांनी लावलेल्या सवयीने.

युनिकोड या सर्वांना सामाईक अशा आकड्यांच्या मांडणीने हा गोंधळ मिटवला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ची, पण सामान्य मराठी माणसाच्या संगणकावर ते पोहोचायला विंडोज २००० आणि एक्सपी यावे लागले. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला आणि मराठी मजकूर शोधता येऊ लागला. इथून नियमांचे स्वरूपच पालटले. तोवरचे सगळे नियम डोळ्यांसाठी होते. आता एक दुसरा वाचक आला, ज्याला डोळे नाहीत. त्याला अक्षर दिसत नाही, त्यामागचा आकडा दिसतो.

'दऱ्या' हा शब्द घ्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतल्या. हा अर्धा आडवा 'ऱ' मराठीचा खास दागिना. तो युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट म्हणजे खाली टिंब असलेला 'ऱ', मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग 'य'. दुसरी वाट म्हणजे साधा 'र', पाय मोडण्याचे चिन्ह, मग जोडणीचे एक न दिसणारे चिन्ह आणि 'य'. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखी. कितीही चष्मा पुसा, फरक दिसणार नाही. पण 'दुसऱ्या' एका पद्धतीने लिहिलेला लेख दुसऱ्या पद्धतीने शोधायला गेलात तर साधा शोध म्हणतो, असा शब्दच नाही. मराठीत 'ऱ्या' किती ठिकाणी येतो पाहा: दुसऱ्या, शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांनी, वाऱ्यावर. म्हणजे शेतकऱ्यांवरचे अर्धे लेख शोधणाऱ्याच्या हाती लागायचे नाहीत.

'ॲ'चेही तेच. हे अक्षर स्वतंत्र म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी 'अ'वर चंद्र ठेवून लोक काम भागवत, कारण 'अ‍ॅडमिशन', 'अ‍ॅम्ब्युलन्स' लिहिल्यावाचून मराठी माणसाचा दिवस जात नाही. २००८ आधीचे आणि नंतरचे ॲ दिसायला सारखे, आतून वेगळे. कचेरीतली मुले 'ॲप कसं लिहायचं' विचारतात तेव्हा त्यांना शुद्धलेखनाचे उत्तर हवे असते. माझे उत्तर असते, की दिसायला दोन्ही बरोबर, पण आपण स्वतंत्र अक्षर वापरायचे आणि जुन्या मजकुरातले शोधासाठी एकसारखे करून घ्यायचे. हा नियम महामंडळाच्या अठरांत नाही. तो कोणी सभेत मांडला नाही, त्यावर कोणी अग्रलेख लिहिला नाही. तरी आज त्याच्यावर जेवढे अवलंबून आहे, तेवढे कवी ऱ्हस्व की दीर्घ यावर नाही.

आता 'ल' आणि 'श'. शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवली. 'ॲ' आणि 'ऑ' यांना स्वरांत रीतसर जागा मिळाली आणि स्वर चौदा झाले. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हे मराठीचे जुने वळण परत आणले गेले. निर्णय कागदावर सोपा होता. छापील पुस्तकात फॉन्ट बदलला की झाले. पण संकेतस्थळावर 'ल'चा आकडा एकच, मराठीचा आणि हिंदीचा. वळण ठरते ते पानावर भाषेची खूण कोणती केली आहे यावरून. पानाच्या आत, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, 'हा मजकूर मराठी आहे' असे सांगितले असेल, आणि फॉन्टमध्ये सोय असेल, तरच पाकळीचा 'ल' उमटतो. तिथे खूण हिंदीची राहिली किंवा काहीच नसले, की शासननिर्णय दाराबाहेर. मी आमच्या तंत्रज्ञ मुलाला ही खूण बदलायला लावली तेव्हा त्याने आधी आणि नंतरचे पान शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाला, "ताई, हे तर सगळं एका शब्दात होतं!" होते खरे, पण तो शब्द लिहायचा असतो हे कोणा भाषातज्ज्ञाच्या कानावर नव्हते आणि मराठीला वेगळा 'ल' असतो हे कोणा तंत्रज्ञाच्या.

त्याच निर्णयाच्या सुमारास जोडाक्षरे उलगडून लिहिण्याकडे कल वाढला. पाठ्यपुस्तकांत 'विद्‌यार्थी', 'शुद्‌ध' असे पाय मोडलेले शब्द आले, म्हणजे मुलांना घटक अक्षरे ओळखता यावीत. पालक बिचकले, वर्तमानपत्रांनी आपली जुनी जोडाक्षरे सोडली नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये शासनाने सुधारित निर्णय काढला. या तेरा वर्षांत शाळेत गेलेल्या मुलांचा डोळा एका वळणाला सरावला आहे, त्यांच्या आईबापांचा दुसऱ्या. दोघेही आमचे वाचक. म्हणून आम्ही जोडून लिहितो आणि मुलांसाठीच्या पानांवर पाय मोडतो. तर्कशुद्ध नाही, पण वाचणाऱ्याला अडत नाही.

अठरा नियमांतही अशा पळवाटा आहेत, आणि त्या शहाणपणाने ठेवलेल्या आहेत. 'पाहणे', 'राहणे' ही रूपे ठरवताना महामंडळाने आज्ञार्थात 'पाहा'बरोबर 'पहा'लाही मोकळीक दिली. पुस्तकात लेखकाने जे लिहिले ते चालते. पण संकेतस्थळावर बटणे शेकडो पानांवर दिसतात, आणि एका बटणावर 'पहा' व दुसऱ्यावर 'पाहा' दिसले तर वाचकाला काहीतरी बिघडल्यासारखे वाटते. तिथे नियम दोन्ही म्हणतो, तरी आपल्याला एक निवडावे लागते. आम्ही 'पाहा' निवडले. दुसऱ्या कोणी 'पहा' निवडले तर ते चुकले असे मी म्हणणार नाही.

दुसरी पळवाट बोलीची. 'केले', 'झाले' ऐवजी 'केलं', 'झालं' हे संवादात चालते, असे नियम सांगतो. पडद्यावरचे लेखन मात्र बहुतेक संवादासारखेच झाले आहे. तरुण लेखक पहिल्या ओळीपासून 'सांगितलं', 'वाटलं' लिहितो. साठ वर्षांपूर्वी महामंडळाने 'केलें'वरचे टिंब काढून टाकले, आणि आता 'केलं'वर टिंब परत आले, मात्रा घालवून. या टिंबाचा अर्थ वेगळा, उच्चार वेगळा. तरी प्रूफ वाचताना मला हसू येते.

या सगळ्यात खरा नवा प्रश्न एकच आहे, आणि तो छापखान्याला कधी पडला नव्हता. पुस्तक आपल्या काळाचे नियम अंगावर घेऊन कपाटात बसते. १९३० च्या पुस्तकात 'नांव' दिसले तर कोणी चूक म्हणत नाही, कारण मुखपृष्ठावर सालही असते. पडद्यावर मात्र पंधरा वर्षांपूर्वीचा लेख आणि आज सकाळचा लेख एकाच रांगेत, एकाच फॉन्टात उभे राहतात. त्यामुळे दर नव्या नियमानंतर मागणी येते, की जुने सगळे बदलून टाका. यंत्राला सांगितले की क्षणात होईल. यंत्र ते करतेही, आणि बातमीतल्या अवतरणातला, कवितेतला, कोणाच्या आडनावातला शब्दही तेवढ्याच तत्परतेने बदलून ठेवते.

महामंडळाने या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ देऊन ठेवले होते. केशवसुतांपूर्वीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, आणि त्या दोघांपासून पुढचे नव्या नियमांनी, असा त्यांचा निवाडा आहे. कुठेतरी रेघ ओढायला हवी हे त्यांना कळले होते. त्यांची रेघ आज मला अपुरी वाटते. टिळकांचे अग्रलेख नव्या नियमांनी छापले की वाचायला सोपे होतात, पण 'केसरी'च्या मूळ अंकाचे छायाचित्र शेजारी ठेवले की दोन टिळक दिसतात. अभ्यासक 'नांव' शोधतो, विद्यार्थी 'नाव' शोधतो, आणि दोघांनाही अर्धाच खजिना सापडतो.

म्हणून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. छापलेला मजकूर प्रकाशित झाला त्या रूपातच राहतो, फक्त उघड टंकदोष दुरुस्त होतात आणि त्यावर मूळ तारीख ठळक दिसते. नवा मजकूर आजच्या नियमाने. आणि 'नांव'-'नाव', दोन्ही 'ऱ्या', दोन्ही 'ॲ' यांचे नाते पडद्यामागे यंत्राला शिकवायचे, म्हणजे वाचकाने कसेही लिहून शोधले तरी दोन्ही हाती लागतील. पहिली दोन कामे मुद्रितशोधकाची, तिसरे तंत्रज्ञाचे. आजवर हे दोघे एका टेबलावर बसत नव्हते. आता बसावेच लागेल.

शासनाकडे आणि साहित्यसंस्थांकडे माझे एवढेच मागणे आहे. नियम बदलायचे तर जरूर बदला, भाषा जिवंत असल्याची ती खूण आहे. पण प्रत्येक नियमावर तारीख घाला, जुन्या रूपाला 'चूक' न म्हणता 'अमुक सालापर्यंतचे' म्हणा, आणि निर्णयाबरोबर अक्षरांमागचे आकडेही छापा. कँडीच्या काळी परीक्षेतले गुण जात होते. आज नियम अर्धवट सांगितला तर लेखच्या लेख शोधातून नाहीसा होतो, आणि तो नाहीसा झाला हे कोणाला कळतही नाही.